म्हातारपणाचा सातबारा

मागच्या महिन्याच्या जिल्हा बैठकीत कापूस खरेदीवर तीन तास चर्चा झाली. ओलावा, ग्रेड, नोंदणी, केंद्रावरच्या गाड्यांच्या रांगा, सगळे विषय झाले. आभार मानायची वेळ आली तेव्हा मागे भिंतीला टेकून बसलेले एक म्हातारे गृहस्थ काठीवर भार देऊन उभे राहिले. प्रत्येक बैठकीला येणारे, छातीवर बिल्ला लावूनच येणारे. ते म्हणाले, "भावाचं सारं बराबर हाये जी. पण मी घरी एकटाच राह्यतो. बुढी जाऊन तीन वर्सं झाले. राती छातीत दुखलं त हाक कोनाले मारू, हे बी एखांद्या बैठकीत सांगा."

एवढे बोलून ते खाली बसले. कोणाला उत्तर सुचले नाही. मलाही सुचले नाही. अध्यक्षांनी आभार मानले, चहा झाला आणि जो तो आपापल्या एस.टी.ला गेला. तो प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरापर्यंत आला. या अंकाचा अग्रलेख कापसावर लिहायचा ठरला होता. तो बाजूला ठेवून मी या प्रश्नाचे उत्तर शोधतो आहे.

बैठक सुटल्यावर पाच-सहा गावच्या कार्यकर्त्यांना मी विचारले, "तुमच्या गावात अशी घरं किती, जिथे रात्री एकच म्हातारं माणूस झोपतं?" सगळे बोटांवर मोजू लागले. एका हाताची बोटे संपली, दुसऱ्या हातावर गेले. मोजताना त्यांच्याच तोंडातून निघत होते, "अरे, ते पण एकटेच आहेत की! हे तर कधी ध्यानातच आलं नव्हतं." वेशीवर कोणाच्या वावरात बोंडअळी आली हे ज्यांना तासाभरात कळते, त्यांना शेजारच्या घरात एकटी म्हातारी राहते हे ध्यानात येत नाही. त्यात मीही आलो.

पोरे वाईट निघाली काय?

हा विषय निघाला की पारावर एकच निकाल लागतो. जमाना बिघडला, पोरे बायकोच्या मुठीत गेली, सुना नाठाळ निघाल्या. हा निकाल द्यायला सोपा आहे, कारण त्यात हिशेब करावा लागत नाही. आपण हिशेबाची माणसे आहोत, तेव्हा हिशेबच करू.

१९७०-७१ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातल्या एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ च्या गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. म्हणजे साडेदहा एकरांचे सव्वातीन एकर झाले, तेही कोरडवाहू. पाऊस धरला तर पिकणार, भाव मिळाला तर उरणार. त्यावर म्हातारा-म्हातारी, दोन पोरे, दोन सुना आणि नातवंडे कशी जगणार? मग थोरला चाकणला जातो, धाकटा सुरतेला किंवा हैदराबादला. कंत्राटी काम, बारा तासांची पाळी, दहा बाय दहाची खोली. त्या खोलीत आईला कुठे झोपवायचे? आणि आईला नेलीच तरी चार दिवसांत ती म्हणते, "बाबा, मला गावाला पोचवून दे. इथं दार उघडलं की भिंत दिसते."

तेव्हा बहुतेक पोरे नाइलाजाने गेली आहेत. शेतीतून काही उरू दिले नाही म्हणून गेली. जी पोरे गावातच राहून आईबापांची चूल वेगळी करून देतात, एका छपराखाली राहून विचारत नाहीत, त्यांची बाजू घ्यायला मी बसलेलो नाही. पण त्यांच्याही घरात भांडणाचे मूळ बहुतेक वेळा तेच असते. वाटणीला काही नसले की माणसे एकमेकांना वाटणीत धरू लागतात. "सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने माझ्याकडे" अशी आईची वाटणी होताना मी पाहिली आहे. म्हाताऱ्याने थोरल्याकडे आणि म्हातारीने धाकट्याकडे जेवायचे, असेही पाहिले आहे. पन्नास वर्षे एका ताटावर बसलेली ती दोन माणसे नंतर एकमेकांकडे चोरून बघत होती.

तिसरी घरे आहेत त्यांच्याविषयी लिहिताना हात अडतो. कर्त्या पोराने जीव दिला, सून लेकरे घेऊन माहेरी गेली, मागे म्हातारी एकटी राहिली. तिच्या घरी पहिल्या आठवड्यात पुढारी येतात, पत्रकार येतात. तेराव्यानंतर कोणी येत नाही.

२०११ च्या जनगणनेत देशात साठ वर्षांवरची माणसे १० कोटींच्या वर होती आणि त्यांतली ७१ टक्के खेड्यांत राहत होती. महाराष्ट्रात शंभरातली जवळजवळ दहा माणसे साठीपुढची होती. त्याला आता दीड दशक होत आले. तरणे गाव सोडतात, म्हातारे राहतात, तेव्हा गावातले प्रमाण आज कुठे गेले असेल याचा अंदाज प्रत्येकाने आपल्या आळीत उभे राहून घ्यावा. शहरात ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, बागेत बाकडी आहेत, कोपऱ्यावर डॉक्टर आहे. वृद्धाश्रमही बहुतेक शहरांच्याच आसपास आहेत. आणि आपला म्हातारा आपल्या धुऱ्यापासून लांब जगत नाही, हे तुम्ही-आम्ही जाणतो.

ज्वारी गेली, तशी म्हाताऱ्यांची जागा गेली

मी शेतकी कॉलेजात शिकलेला माणूस आहे. संघटनेत येण्याआधी काही वर्षे पीकसल्ला देत गावोगाव फिरलो. तेव्हाची एक चूक इथे कबूल करतो.

मी सांगत होतो, खरिपाची ज्वारी सोडा, सोयाबीन घ्या. माझे म्हणणे खोटे नव्हते. ज्वारी दाणे भरताना पावसात सापडली की काळी पडते, भाव पडतो, पाखरे आणि रानडुकरे उरलीसुरली खातात. सोयाबीन तीन-साडेतीन महिन्यांत निघते आणि रोख पैसा देते. मी एकरी क्विंटल मोजले, खर्च मोजला आणि कागदावर सोयाबीन जिंकले. पण ज्वारीबरोबर शेतातून आणखी काय गेले, ते मी कागदावर धरले नव्हते.

ज्वारी होती तेव्हा कडबा होता. कडबा होता म्हणून कोठ्यात एक गाय आणि एक गोऱ्हा होता. त्या जनावराकडे बघणारे माणूस घरातले म्हातारे होते. सकाळी वैरण, दुपारी पाणी, संध्याकाळी धार. त्यातून चहापुरते दूध व्हायचे, कधी दोन पैसे व्हायचे आणि मुख्य म्हणजे सकाळी उठायला कारण असायचे. कणसे भरली की मचाणावर गोफण घेऊन राखणीला म्हातारेच बसायचे. बियाण्याची कणसे निवडणे, ती आढ्याला टांगणे, तूर-मूग-उडदाचे बी राखेत घालून गाडग्यात जपणे हे म्हातारीचे खाते होते. पेरणीच्या दिवशी घरातला कर्ता पुरुष तिच्यापुढे ओटी पसरून बी मागत होता. त्या दिवशी घरात तिच्या शब्दाला वजन होते.

कापसाची सरकी तर संकरित वाण आल्यापासूनच पाकिटातून येऊ लागली आणि २००२ मध्ये बीटी आल्यावर उरलेली सवयही गेली. सोयाबीनमागे कडबा नाही. बैलाची कामे ट्रॅक्टरने घेतली, निंदण तणनाशकाने घेतले. यातले काही मागे न्या असे मी म्हणत नाही. नवे तंत्र शेतकऱ्याला मिळालेच पाहिजे. म्हणायचे एवढेच की, म्हातारपणाला शेतात जी किंमत होती ती या बदलात गेली आणि तिच्या जागी आपण काही ठेवले नाही. पूर्वी म्हातारे माणूस घरात कामाचे होते. आता ते खाटेवर बसून मोबाईल वाजायची वाट बघते.

एकट्या माणसाचे जेवण बघा. एकट्यासाठी चूल पेटत नाही. भाकरी थापायला हात चालत नाहीत. सकाळी चहा आणि बिस्कीट, दुपारी कालची पोळी पाण्यात बुडवून, रात्री "भूकच नाही." डॉक्टर त्याला अशक्तपणा म्हणतो आणि टॉनिक लिहून देतो. समोर कोणी जेवायला बसलेले नाही हा आजार त्याच्या चिठ्ठीत मावत नाही.

सरकारची माया

आता सरकारकडे वळू. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राने निराधार म्हाताऱ्यांसाठी पेन्शन सुरू केली, महिना ७५ रुपये. पुढे तिला इंदिरा गांधींचे नाव मिळाले आणि केंद्राचा वाटा २०० रुपये झाला. ८० वर्षांच्या आतल्या माणसासाठी तो २०० चाच राहिला आहे. वीस वर्षांत खताचे पोते, डिझेल, मीठ, मिरची, सगळे कुठल्या कुठे गेले. केंद्राच्या हिशेबात म्हाताऱ्याचे पोट मात्र तेवढेच. राज्याने श्रावणबाळ आणि संजय गांधी योजनांतून त्यात भर घातली. २०१९ मध्ये महिन्याला एकूण १००० झाले, २०२३ मध्ये १५००. मध्यम धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ७७१० रुपये आहे. म्हणजे महिन्याला सुमारे साडेएकोणीस किलो कापूस. दिवसाला पन्नास रुपये. त्यात जेवण, औषध, विजेचे बिल, चष्मा आणि नातवाच्या हातावर ठेवायचा खाऊ.

हेसुद्धा कोणाला? ज्याच्या कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न २१ हजारांच्या आत आहे त्याला. महिन्याला १७५० रुपये. त्याच्या वर एक रुपया गेला की सरकारच्या लेखी तुम्ही सुखवस्तू. दुसरीकडे २०२४ मध्ये याच राज्याने लाडकी बहीण योजना आणली. तिथे उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख ठेवली आणि पाच एकरांची अट होती तीही काढून टाकली. चांगले केले. पण त्या योजनेत बहीण लाडकी राहते ती वयाच्या ६५ व्या वर्षापर्यंतच. पासष्टी ओलांडली की तिला श्रावणबाळच्या रांगेत उभे राहायचे आणि तिथे २१ हजारांची फूटपट्टी. जी बाई काल गरीब होती ती आज एक वर्षाने म्हातारी झाली म्हणून श्रीमंत ठरते! हा कोणता हिशेब?

या फूटपट्टीने आणखी एक मोठे नुकसान केले आहे, आणि माझ्या मते एकट्या म्हाताऱ्यांच्या दुःखाची गाठ तिथेच आहे. तीन-चार एकर नावावर असलेला म्हातारा उत्पन्नाचा दाखला मागायला गेला की त्याला सांगितले जाते, "बाबा, तुमच्या नावावर जमीन दिसते, तुम्ही निराधार कसे?" मग गावातलाच कोणी शहाणा सल्ला देतो, जमीन पोरांच्या नावावर करून टाका, पगार चालू होईल. म्हातारा बक्षीसपत्र करून देतो. फेरफार होतो, सातबाऱ्यावरचे त्याचे नाव जाते. १५०० रुपये सुरू होतात, कधी वेळेवर, कधी दोन-तीन महिन्यांनी. आणि घरात त्याला विचारणे बंद होते. पेरणी काय करायची हे विचारत नाहीत, पीककर्जावर सही लागत नाही, पीएम किसानचा हप्ता त्याच्या खात्यात येत नाही. सरकारने त्याला आधी निराधार व्हायला लावले आणि मग निराधार म्हणून मदत दिली.

शेतकऱ्याची पेन्शन म्हणून २०१९ मध्ये केंद्राने मानधन योजना आणली. साठीनंतर महिना ३००० रुपये. पण त्यात शिरायचे वय १८ ते ४०. त्या दिवशी जो एक्केचाळीस वर्षांचा होता त्याला दार बंद. हरितक्रांतीच्या काळात ज्यांनी धान्य पिकवून देशाची कोठारे भरली ते त्या दारात कधी आलेच नाहीत.

अंगठ्याचेही असेच आहे. चाळीस वर्षे कापूस वेचलेल्या, विळा धरलेल्या बोटांवर रेषा उरत नाहीत. यंत्र म्हणते, ही बाई ती नव्हे. अंगठा उमटला नाही म्हणून धान्य नाकारू नका, दुसऱ्या मार्गाने ओळख पटवून नोंद करून द्या, असे केंद्राने २०१७ मध्येच राज्यांना कळवले आहे. दुकानात मात्र उत्तर मिळते, "रेंज नाही, उद्या या." तरण्या माणसाला उद्या म्हणजे एक चक्कर. गुडघे गेलेल्या एकट्या म्हातारीला उद्या म्हणजे या महिन्याचे धान्य गेले. आणि दरवर्षी हयातीचा दाखला आहेच. जिवंत आहोत हे सांगायलाही कोणीतरी सोबत लागते.

सही करण्याआधी

२००७ मध्ये आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या पोटगीचा आणि कल्याणाचा कायदा झाला. उपविभागीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या प्रांताकडे साधा अर्ज करता येतो. महिन्याला १० हजारांपर्यंत पोटगीचा हुकूम होऊ शकतो आणि अर्ज ९० दिवसांत निकाली काढायचा आहे. मूलबाळ नसेल तर ज्या नातेवाइकाला मालमत्ता मिळाली आहे किंवा मिळणार आहे, त्याच्याकडूनही पोटगी मागता येते. कायदा चांगला आहे. पण पोटच्या पोराविरुद्ध अर्जावर अंगठा द्यायला किती आया तयार होतील? मी दोघींना विचारून पाहिले. एक म्हणाली, "त्याचं नाव कागदावर खराब कशाला करू?" दुसरीने नुसती मान हलवली.

लातूर जिल्हा परिषदेने २०२० मध्ये आईवडिलांना वाऱ्यावर सोडणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के कापून आईवडिलांच्या खात्यात टाकायचे ठरवले. पगारदाराला हे लागू करता येते. ज्याच्या हातात बारमाही रोजगारच नाही त्याच्याकडून कोण काय कापणार?

म्हणून आपले काम अर्जाच्या आधीचे आहे, सहीच्या वेळचे. याच कायद्याच्या २३ व्या कलमात एक गोष्ट आहे, ती प्रत्येकाने पाठ करावी. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने अट मोडली, तर ते हस्तांतर रद्द ठरवून घेता येते. पण अट होती हे दिसले पाहिजे. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात यावर बोट ठेवले. जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या निकालात न्यायालयाने या कायद्याचा अर्थ म्हाताऱ्यांच्या हिताच्या बाजूने लावला. तरीही कोर्टाच्या दयेवर राहण्यापेक्षा एक ओळ लिहून घेणे स्वस्त पडते. बक्षीसपत्रात "सांभाळ, अन्न, वस्त्र, औषधपाणी करण्याच्या अटीवर" असे स्पष्ट लिहा. त्याहून बरे म्हणजे मृत्युपत्र करा. ते मृत्यूनंतरच लागू होते आणि हयातीत केव्हाही बदलता येते. तोवर सातबारा आपल्या नावावर राहतो. वडिलोपार्जित जमिनीत मुलामुलींचा हक्क आहे, तो कोणी नाकारू नये. पण वाटणी करताना आपला हिस्सा आणि बायकोचा हिस्सा राखून मगच करा.

बायकोचा हिस्सा म्हटले की लक्ष्मीमुक्ती आठवते. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेच्या हाकेवर हजारो शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा घरच्या लक्ष्मीच्या नावावर केला. तेव्हा लोक हसले होते, बायकोला जमीन देऊन काय होणार म्हणून. त्या बाया आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांतल्या ज्यांना मी भेटलो, त्यांच्या घरी विधवा झाल्यावरही कारभार त्यांना विचारून होतो. तो एका ओळीचा परिणाम आहे.

माझ्या घरची गोष्ट

दुसऱ्याला सांगण्याआधी आपले सांगावे. माझी आई गावी एकटी राहते. मी जिल्हाभर बैठका घेत फिरतो. दोन पावसाळ्यांपूर्वी रात्री न्हाणीजवळ तिचा पाय घसरला. ती पहाटेपर्यंत तिथेच पडून राहिली. तिने फोन केला होता. मी त्या रात्री साठ किलोमीटरवर एका गावात उत्पादनखर्च समजावून सांगत होतो आणि फोन बंद करून खिशात ठेवला होता. सकाळी शेजारच्या सुनेने पाहिले की आज अंगणात सडा पडलेला नाही. एवढ्यावरून तिला शंका आली आणि ती आत गेली. आईचे खुब्याचे हाड मोडले होते. ती वाचली. डॉक्टर म्हणाले, आणखी काही तास गेले असते तर सांगता आले नसते.

त्या सुनेला कोणी नेमले नव्हते. तिने अंगणाकडे नजर टाकली, बस्स. बैठकीतल्या बाबांच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे सापडते. रात्री हाक कोणाला मारायची हे ठरलेले पाहिजे आणि सकाळी अंगण कोण बघणार हेही ठरलेले पाहिजे. नशिबावर सोडून चालणार नाही.

काय करायचे?

काही कार्यकर्ते म्हणतील, संघटना भाव मागण्यासाठी आहे, ही समाजसेवा कशाला? त्यांना माझे उत्तर असे. सरकार पिकाचा उत्पादनखर्च काढते तेव्हा बियाणे, खत, मजुरी धरते, घरच्यांच्या श्रमाची मजुरी, जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याजही धरते. कारखान्यातल्या कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी मालाच्या किमतीत धरलेला असतो. कापसाच्या आणि ज्वारीच्या किमतीत शेतकऱ्याच्या म्हातारपणाचा रकाना नाही. तेव्हा हा विषय भावाच्या बाहेरचा नाही. आणि भाव मिळेल तेव्हा मिळेल, ज्यांच्या आंदोलनात काठ्या खाल्लेल्या पाठी आज खाटेवर आहेत त्यांना तोवर थांबायला सांगता येत नाही.

सरकारकडे आपली मागणी साधी राहील. पेन्शन वयावर द्या, सातबारा पाहून देऊ नका. २१ हजारांची फूटपट्टी फेका. केंद्राने २०० चा आकडा बदलावा. आणि अंगठा उमटत नाही त्याची ओळख डोळ्याने, चेहऱ्याने किंवा गावच्या साक्षीने धरा.

गावात मात्र आपण सरकारची वाट बघायची नाही. प्रत्येक शाखेने पुढील बैठकीपर्यंत एवढे करावे.

एक, गावातल्या एकट्या म्हाताऱ्यांची यादी करावी. जात, पक्ष, संघटनेचा की विरोधातला, काही बघू नये. ज्याच्या घरात रात्री दुसरे माणूस नाही तो यादीत.

दोन, प्रत्येकाला एक शेजारघर जोडून द्यावे. सकाळी अंगण आणि दार, संध्याकाळी दिवा, एवढे बघायचे. हाक मारायला एक नाव आणि एक फोन नंबर मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहून ठेवायचा. मुलाचा नंबरही त्याखाली. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत मदत क्रमांकही लिहावा.

तीन, महिन्यातला एक दिवस ठरवून सगळ्यांना मिळून बँकेत, रेशन दुकानात आणि दवाखान्यात न्यावे. ७५ वर्षांवर एस.टी. फुकट आहे, ६५ वर अर्धे तिकीट आहे. हयातीचे दाखले त्याच दिवशी उरकावेत. ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान कार्ड मिळते. ते काढून घ्यावे. एकट्या निराधार म्हाताऱ्याला अंत्योदय कार्डाचा निकष लागू होतो, तो अर्ज शाखेने लिहून द्यावा.

चार, ज्वारी अजून घेणाऱ्यांनी खळ्यावरून एक वाटा काढून ठेवावा. खळ्यावर पूर्वी बलुत्याचा वाटा निघतच होता. पण हा वाटा दान म्हणून द्यायचा नाही. ज्यांना देतो त्यांच्याकडून काम घ्यायचे. देशी ज्वारीचे, तुरीचे, मुगाचे बी निवडून जपायचे काम त्यांच्याएवढे कोणाला येत नाही. दर शाखेत बियाण्याची एक खोली करा आणि तिची किल्ली एखाद्या आजीच्या कमरेला द्या.

पाच, ग्रामसभेत ठराव घ्या. ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारला त्याची दखल घ्यावी लागली. एकट्या म्हाताऱ्यांची नोंद ग्रामपंचायतीत राहील आणि आशाताई महिन्यातून एकदा त्यांच्या घरी जाईल, एवढा ठराव आपल्याही गावाला करता येतो.

आणि जी पोरे बाहेर आहेत त्यांना शिव्या घालू नका. गावातून एक फोन जाऊ द्या, "तुझी आई आज जेवली, काळजी करू नको, पण रविवारी बोल तिच्याशी." त्यांतली पुष्कळ पोरे अपराध्यासारखी गप्प असतात. त्यांना बोलायला निमित्त हवे असते.

पुढच्या जिल्हा बैठकीत कापसाचा विषय आहेच. पण पहिला अर्धा तास याद्यांचा राहील. प्रत्येक शाखेने यादी लिहून आणावी, शेजारघराच्या नावासह. मागे भिंतीला टेकून बसणाऱ्या त्या बाबांच्या शाखेची यादी मी स्वतः वाचणार आहे. त्यांच्या नावापुढे शेजारघराचे नाव लिहिलेले असले पाहिजे.